अचेतनाला हेतू असतो का?

सांख्यकारिकेत प्रकृतीच्या प्रवृत्तीला दुधाचा दाखला दिला आहे: दूध अचेतन, तरी वासराच्या पोषणासाठी ते स्रवते, तशीच प्रकृती पुरुषाच्या, म्हणजे चेतन आत्म्याच्या, मोक्षासाठी झटते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याला हरकत घेतली. पान्हा फुटतो तो गाईच्या वात्सल्याने, म्हणजे मागे चेतन आहेच. मला वाटते, या वादात रसायनशास्त्रातल्या समान आयन परिणामाची साक्ष दोन्ही पक्षांनी ऐकावी अशी आहे. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात फारच थोडे विरघळते, लिटरला सुमारे दोन मिलिग्रॅम. त्या संपृक्त द्रावणात लिटरमागे जेमतेम ०.६ ग्रॅम साधे मीठ (सोडियम क्लोराइड) टाकले, तर चांदीचे सुटे आयन सुमारे सातशेपटींनी घटतात आणि पांढरा साका खाली बसतो. समतोलाने जणू आगंतुक क्लोराइडला विरोध केला! १८८४ मध्ये ल शातलिए यांनी मांडलेले तत्त्व आजही वर्गात याच विरोधाच्या भाषेत शिकवले जाते. पण आत काय घडते? स्फटिकातून आयन सुटण्याचा वेग बदलत नाही. क्लोराइड वाढल्याने चांदीच्या आयनांशी त्याची गाठ अधिक वेळा पडते, म्हणून परतणारे वाढतात. दोन्ही वेग पुन्हा जुळले की बदल थांबतो. इथे वासरू नाही आणि गायही नाही.

विरोधाची भाषा ही निव्वळ सोय आहे, तिच्यावर एवढे रागवायचे कशाला, असे कोणी म्हणेल. कारण ती दिशाभूल करते. मीठ टाकतच गेले, तर एका मर्यादेनंतर तोच क्लोराइड चांदीशी जटिल आयन बनवतो आणि साका पुन्हा विरघळू लागतो. दाट मिठाच्या पाण्यात सिल्व्हर क्लोराइड शुद्ध पाण्यातल्यापेक्षाही जास्त विरघळते. विरोध हाच हेतू असता, तर तो असा उलटला नसता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे नियम तरी कोणी घातले? नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत कार्यावरून कर्त्याचे, म्हणजे ईश्वराचे, अनुमान केले, ते इथेही लावता येईल. तो प्रश्न मी उडवून लावत नाही. मात्र तो विश्वात नियम का आहेत याचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘ईश्वर’ असले, तरी साका बसण्याच्या किंवा विरघळण्याच्या हिशेबात त्यासाठी वेगळे पद घालावे लागत नाही. सांख्यांची अचेतन प्रवृत्ती इथे खरी ठरते. तिच्यावर लादलेले ‘कोणासाठी तरी’ मात्र ठरत नाही.