हसा म्हटलं की

पुण्याजवळच्या माण गावाच्या हद्दीतल्या आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यात सोमवारी सकाळी नव्याने रुजू होणाऱ्यांची गर्दी असते. कॉलेजातून थेट नोकरीला लागलेली मुलं-मुली ओळखपत्राच्या फोटोसाठी पांढऱ्या भिंतीला पाठ लावून एकेक करून उभी राहतात. रांगेत असेपर्यंत खिदळणं चालू असतं. मग समोरचा माणूस कॅमेरा उचलतो आणि म्हणतो, “स्माइल.” तेवढ्या एका शब्दाने खांदे कानांपर्यंत येतात, मान ताठ होते, ओठ दोन्हीकडे ताणले जातात आणि डोळे मात्र आत काही आगळीक तर झाली नाही ना, असं विचारत राहतात. तो चेहरा पुढे कित्येक वर्षं गळ्यात लटकतो. कंपन्यांच्या कँटीनमध्ये पाहा, किती जणांचं कार्ड फोटोची बाजू पोटाकडे वळवून लटकत असतं ते. दर वेळी आपोआप वळलेलं नसतं.

याच गावातल्या आधीच्या पिढीचे फोटो वेगळ्या कारणाने निघाले. जमिनीचं खरेदीखत नोंदवताना देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा फोटो नि बोटांचे ठसे लागतात. 2001च्या दुरुस्तीपासून नोंदणी कायद्यातच तशी तरतूद आहे. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर तो इवलासा कॅमेरा असतो. “इकडे बघा” म्हटल्यावर टोपी सारखी करून तिकडे बघायचं, मग अंगठा टेकवायचा. हिंजवडी-माण पट्ट्यात आज इमारती आहेत, माणहून शिवाजीनगरकडे जाणारा मेट्रोचा मार्ग आहे, आणि यातल्या बऱ्याच बांधकामांच्या बुडाशी अशा करड्या, धुरकट चेहऱ्यांचे कागद आहेत. त्यांना कोणी हसायला सांगितलं नाही, हे बरंच झालं. वावर देऊन टाकताना माणसाने कशाला हसावं?

आखडलेल्या चेहऱ्याचा दोष आपण चटकन चेहऱ्यालाच देतो. “माझा फोटो चांगला येत नाही” हे वाक्य तर घरोघरी आहे. त्यात काही वाटा आरशाचा असतो. 1977 मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. काही तरुणींचे फोटो काढले आणि प्रत्येकीची एक सरळ प्रत नि एक आरशातल्यासारखी उलटी प्रत केली. स्वतः त्या तरुणींना बहुतेक उलटी प्रत आवडली. त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला जे रोज दिसतं तेच त्याला खरं वाटतं. म्हणजे फोटोतला जो चेहरा आपल्याला परका, किंचित वाकडा वाटतो, त्याच चेहऱ्यावर आपली माणसं जीव लावून बसलेली असतात.

उरलेल्यापैकी थोडा वाटा मोबाइलचा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक उगाच मोठं दिसतं, कारण कॅमेऱ्याला ते बाकीच्या चेहऱ्यापेक्षा बरंच जवळ असतं. अमेरिकेतल्याच काही डॉक्टरांनी 2018 मध्ये हे गणिताने मांडलं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत फूटभर अंतरावरच्या फोटोत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. तेव्हा नाकाला बोल लावण्याआधी फोटो काढणाऱ्याला चार पावलं मागे जायला सांगावं.

पण मुख्य अडचण वेगळीच असते. चेहरा समोरच्याला उत्तर देत जगतो. कोणी काही बोललं की भुवई हलते, कोणी चेष्टा केली की गाल हलतात. कॅमेरा काहीच बोलत नाही. त्याच्यासमोर चेहऱ्याला आणि हातांना काम उरत नाही, आणि बिनकामाचे हात किती अवघड होतात हे लग्नाच्या स्टेजवर उभ्या राहिलेल्या नवरदेवाला विचारा. अशा वेळी “नॅचरल राहा” असं सांगणं म्हणजे झोप येत नसलेल्याला “झोप” म्हणून दटावणं.

जुन्या फोटोंमधली माणसं गंभीर का दिसतात, याचं एक कारण तांत्रिक आहे. काचेवर फोटो घेण्याच्या सुरुवातीच्या काळात काही सेकंद निश्चल बसावं लागे. स्टुडिओत डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. तेवढा वेळ हसू धरून ठेवणं कठीणच. पण न हसताही माणूस फोटोत किती निवांत असू शकतो, हे पाहायचं तर 10 ऑक्टोबर 1885चा फिलाडेल्फियातला फोटो पाहावा. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी त्यात आहेत. आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या, साडीत. परक्या देशात, परक्या नजरांसमोर बसलेल्या, पण बघणाऱ्याची मर्जी राखायची धडपड त्या चेहऱ्यावर कुठे दिसत नाही. पुढच्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्यानंतर वर्षही पुरतं झालं नाही तोवर गेल्या, हे ठाऊक असल्यामुळे आपण त्या फोटोत नको तेवढं वाचतो, हे खरं. तरी हनुवटी किती अंशांत ठेवावी याचे मोबाइलवरचे धडे त्या फोटोपुढे मला फार किरकोळ वाटतात. त्यांच्या अंगावर आपले कपडे होते आणि आपण इथे कशासाठी आलो आहोत हे पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा सोमवारी रुजू होणाऱ्यांनी उसना कोट घालू नये. अंगाला सरावलेला सदरा किंवा कुर्ता बरा. क्लिक होण्याआधी श्वास पूर्ण सोडावा, म्हणजे खांदे आपसूक खाली येतात. हातात काहीतरी धरावं, फोटोत न दिसणारं चालेल. आणि फोटो काढणाऱ्याशी दोन शब्द बोलावेत. खरं तर हे शेवटचं काम त्याचं आहे. फोटो आखडला तर मी निम्म्याहून जास्त दोष कॅमेऱ्यामागच्या माणसाला देईन.

स्टुडिओतले मुरलेले फोटोग्राफर हे जाणून असतात. चाकण, मावळ, मुळशीच्या पट्ट्यात एखादे आजोबा मुलाच्या आग्रहाखातर भिंतीवरच्या फोटोसाठी येतात. पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्री, मुठी गुडघ्यांवर घट्ट. मुलगा बाजूने सांगत असतो, “आप्पा, हसा की जरा.” आप्पा आणखी आवळतात. फोटोग्राफर दिवे सारखे करता करता सहज विचारतो, “आप्पा, यंदा घाटात बारी किती सेकंदांत झाली?” बैलगाड्यांच्या शर्यतीचा विषय निघाला की मूठ सुटते, एक हात हवेत जातो, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. तेवढ्यात क्लिक. दुसरा क्लिक मुठी परत गुडघ्यांवर आल्यावर, कारण फोटोग्राफरला घरच्यांचीही पारख असते. दोन्ही प्रती समोर ठेवल्या की मुलगा बहुधा दुसरीच उचलतो. भिंतीवर भारदस्त हवेत ना आप्पा. पहिली प्रत आप्पा स्वतः मागून घेतात.