साठा, प्रवाह आणि अपरिग्रह

'चले जाव' आंदोलनाच्या काळात जबलपूरच्या तुरुंगात जे. सी. कुमारप्पांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम उभारणारे हे ख्रिस्ती अर्थतज्ज्ञ अर्थव्यवहाराला धर्माचाच प्रश्न मानत. निसर्गाच्या देण्याचे त्यांनी दोन भाग केले: वापरला की संपणारा साठा आणि फिरून भरून येणारा प्रवाह. कोळसा, खनिज तेल हा साठा. त्यावर उभ्या राहिलेल्या समाजांना त्यासाठी भांडावे लागते आणि युद्धाची मुळे तिथेच रुजतात, असे त्यांनी बजावले.

अशा साठ्यावर विसंबणे किती महाग पडते, ते 1973च्या अरब-इस्रायल युद्धानंतर दिसले: तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. योगायोगाने 1974मध्ये 'सागर सम्राट' या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाला मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागले आणि 1976पासून तिथल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राचे तेल भारताला मिळू लागले. देशाला मोठा आधार मिळाला. पण मागणी उत्पादनाला मागे टाकून धावली. आज भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते.

आणखी तेल सापडले तरी मागणीचा प्रश्न उरतोच. गांधीजींच्या एकादश व्रतांतले अपरिग्रह इथे थेट लागू पडते: गरजेपलीकडचे घेणे म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचे घेणे. तेलाच्या बाबतीत हा दुसरा अजून जन्मालाही आलेला नाही.

पर्यायांनाही हाच निकष लावायला हवा. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे 2030चे उद्दिष्ट सरकारने 2025वर आणले. त्याने आयात कमी होते, साखर कारखान्यांना बळ मिळते. मात्र ऊस पाणी पितो. ज्या मराठवाड्यात ऊस वाढला, त्याच मराठवाड्यातल्या लातूरला 2016मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. डिसेंबर 2023मध्ये साखर कमी पडेल या चिंतेने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राला निर्बंध घालावे लागले. भूजल उपसून केलेले इंधन हासुद्धा साठाच आहे.

विजेच्या गाड्यांचेही तसेच. देशातली बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होते. म्हणून सौर आणि पवन ऊर्जेइतकेच महत्त्व एसटीला, लोकलला, मालगाड्यांना द्यायला हवे. एका बसमध्ये चाळीस माणसे बसली, की तेवढ्यांच्या स्वतंत्र गाड्यांचे इंधन वाचते. आयात घटवण्याची ही वाट कुणाचे पाणी किंवा धान्य हिरावून घेत नाही. सरकारी खर्चात तिला पहिला मान मिळावा.