शासनाचा नियम आणि पाळण्यातील बाळ



राज्यकारभार हा दुनियेचा विषय, दीनचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यातील अनेक नेकदिल माणसे म्हणतात. नमाज, रोजा, जकात यांत कसूर नसली म्हणजे झाले, शासनाचे धोरण काहीही असो, अशी त्यांची समजूत असते. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

त्यांच्या काळी दीवान स्थापन झाला व बैतुलमालमधून प्रजेला तनखे ठरवून देण्यात आले. मुलांसाठी नियम असा होता की, अंगावरचे दूध तुटलेल्या मुलालाच तनखा मिळेल. नियमामागे वाईट हेतू नव्हता. एके रात्री मदीनेबाहेर उतरलेल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यावर हजरत उमर (रजि.) व हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) पहारा देत होते. एक तान्हे बाळ सारखे रडत होते. खलीफांनी आईला पुनःपुन्हा समजावले. अखेर कारण विचारले. समोर कोण उभे आहे हे त्या माऊलीला ठाऊक नव्हते. ती उत्तरली की, मी याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध तुटलेल्या मुलालाच तनखा देतात.

फज्रच्या नमाजमध्ये खलीफांना इतके रडू कोसळले की, लोकांना किरअत नीट ऐकू येईना. आपल्या नियमामुळे किती बाळांचे हाल झाले असतील, या विचाराने ते व्याकूळ झाले. त्यांनी तत्काळ दवंडी पिटवली की, मुलांचे दूध घाईने तोडू नका, जन्मतःच प्रत्येक मुलाला तनखा मिळेल. हाच हुकूम सर्व प्रांतांना रवाना झाला.

आपल्या प्रवचनांतून पाठीवर पिठाची गोणी वाहणारे उमर (रजि.) वारंवार सांगितले जातात आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. ते योग्यच आहे. परंतु गोणीने एका घराची चूल पेटली; बदललेल्या नियमाने साऱ्या राज्यातील पाळण्यांना संरक्षण मिळाले. रेशनकार्डावर नाव चढवण्याची अट असो वा शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, कागदावरची एक ओळ आजही घरात कोण उपाशी राहील आणि कोण शिकेल हे ठरवते. ती ओळ वाचणे, तिच्याविषयी प्रश्न विचारणे, हे दीनबाह्य कसे?

हिजरी १८ मध्ये हिजाजवर भीषण दुष्काळ आला. जमीन राखेसारखी झाली म्हणून त्या वर्षाला ‘आमुर्रमादा’ म्हणतात. खलीफांनी इतर प्रांतांतून धान्य मागवले, हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी शाममधून लादलेले उंट पाठवले. त्या वर्षीची जकातवसुली पुढे ढकलली गेली आणि भुकेपोटी केलेल्या चोरीवरील हद्द स्थगित ठेवली गेली. स्वतः खलीफांनी तूप वर्ज्य केले. केवळ तेलावर राहून त्यांचा वर्ण काळवंडला.

त्याहून दूरगामी निर्णय इराकच्या सवाद प्रदेशाचा. दजला व फुरात नद्यांमधील ही सुपीक जमीन विजयी सैनिकांत वाटावी, अशी अनेक सहाबांची मागणी होती. हजरत बिलाल (रजि.) तर फारच आग्रही होते. पण जमीन आजच वाटली तर पुढच्या पिढ्यांना काय उरणार, सरहद्दींचे रक्षण आणि विधवा-अनाथांचा सांभाळ कशातून होणार, हा खलीफांचा सवाल होता. दीर्घ मसलतीनंतर त्यांनी सूरह हश्रचा आधार घेतला. संपत्ती केवळ धनिकांमध्येच फिरत राहू नये, हे तत्त्व त्या सूरहमध्ये आहे आणि नंतर येणाऱ्यांचाही उल्लेख आहे. जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली, तिच्यावर खराज बसला.

मोजणीसाठी हजरत उस्मान बिन हुनैफ (रजि.) व हजरत हुजैफा (रजि.) यांना नेमण्यात आले. मोजणी ३ कोटी ६० लाख जरीब भरली, असे इमाम अबू यूसुफ यांनी ‘किताबुल खराज’मध्ये नमूद केले आहे. मग प्रत्येक पिकाचा दर वेगळा ठरला.

शहादतीच्या अवघ्या काही दिवस आधी हजरत उमर (रजि.) यांनी याच दोघांना बोलावून विचारले होते की, जमिनीला पेलवणार नाही इतका भार तर तुम्ही टाकला नाही ना? पेलवेल इतकाच टाकला आहे, असे दोघांनी सांगितले. तरीही खलीफांनी त्यांना पुन्हा एकदा नीट पाहायला सांगितले.