भंडाऱ्यातला पराभव

मे 1954 मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. दोनच वर्षांपूर्वी उत्तर मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांना हरवले होते. इथे काँग्रेसचेच भाऊराव बोरकर सुमारे 8 हजार मतांनी निवडून आले. मतदारसंघ द्विसदस्यीय होता, प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दुसरे मत कुजवून फक्त आपल्याच उमेदवाराला मत द्यावे, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला. राज्यघटनेच्या शिल्पकाराने तो मानला नाही. अशा हरण्यातून माणूस सावरतो तो कशाच्या बळावर, हा प्रश्न राजकारणापेक्षा धर्मचिंतनाचा आहे. पराभव नशिबाचा भोग मानला, तर करण्यासारखे काही उरत नाही. तो आपल्या योग्यतेचा निवाडा मानला, तर माणूस खचतो. बुद्धाची दृष्टी या दोन्हींपासून वेगळी आहे. जे घडते ते कारणांमुळे घडते. कारणे शोधता येतात, काही बदलता येतात आणि जी बदलत नाहीत त्यांच्यावरून स्वतःची किंमत ठरवायची नसते.

खेळात हे सोपे असते. कुस्तीपटू खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. आखाड्याचे नियम ठरलेले असतात. उणीव कळली की मेहनतीची दिशा ठरते. आयुष्यात मात्र आखाडाच कधी एका बाजूला कललेला असतो. मग त्याच जागी पुन्हा जिंकणे म्हणजेच सावरणे, हे माप अपुरे पडते. जिंकणे हे साधन होते की साध्य, हे आधी तपासावे लागते. बाबासाहेबांचे साध्य खासदारकी नव्हते, माणसाला माणूसपण मिळवून देणे होते. म्हणून 14 ऑक्टोबर 1956 रोजी, भंडाऱ्यापासून जवळच असलेल्या नागपुरात, त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

राजकारणात हरले म्हणून धर्माकडे वळले, असा आक्षेप यावर घेता येईल. पण धर्मांतराची घोषणा येवल्यात 1935 सालीच झाली होती आणि राज्यसभेचे सदस्यत्व त्यांनी शेवटपर्यंत सोडले नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: महापुरुषाला जमले ते सामान्य माणसाला कसे जमावे? याचे उत्तर दीक्षेनंतरच्या काळात आहे. अवघ्या दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. धम्माचे पुढचे काम खेड्यापाड्यांतल्या, सत्ता आणि पैसा नसलेल्या माणसांनी पेलले. सावरण्यासाठी गीतेतला जयपराजयातला समभावही मोलाचा आहे, कारण शांत मनालाच कारणे दिसतात. पण मन शांत झाल्यावर कारणांचा शोध थांबवणे ही केवळ सोय ठरेल. हरलेल्याने स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत: हे कशामुळे झाले, आणि मला नेमके काय हवे होते? दुसऱ्याचे उत्तर पक्के असेल, तर पहिल्याचे उत्तर ऐकायला भीती वाटत नाही.