भांडण लावून देण्याचा धंदा



समजा, कोणी मोबाईलवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिले, "जळगावच्या केळीपुढे अर्धापूरची केळी काहीच नाही. पटत नसेल तर कमेंट करा." आपले शेतकरी चिडून उत्तर देतील, जळगावकर त्यांना उत्तर देतील आणि दोन दिवसांत गोष्ट शिव्यांवर येईल. व्हिडिओ टाकणाऱ्याला केळीशी काही देणेघेणे नसते. कमेंट वाढल्या की व्हिडिओ अधिक लोकांपुढे जातो आणि जाहिरातीचे पैसे वाढतात, एवढे त्याला ठाऊक असते.

उदाहरण कल्पित असले तरी युक्ती खरी आहे. २०१७ पासून फेसबुकच्या हिशेबात रागाच्या चेहऱ्यासह सगळ्या भावचिन्हांना साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन होते. रागाच्या चिन्हाचे वजन २०२० मध्ये शून्यावर आणले गेले. कंपनीचीच कागदपत्रे २०२१ मध्ये बाहेर आली, तेव्हा हे जगाला कळले. युक्ती मात्र संपली नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०२५ चा शब्द म्हणून 'रेज बेट', म्हणजे लोकांनी चिडावे म्हणून टाकलेले आमिष, हाच निवडला.

यात वाईट ते काय, वाद तर पूर्वीपासून होत आले आहेत, असे कोणी म्हणेल. आपल्या न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडून काढणे ही वितंडा. पण वितंडा करणाऱ्यालाही समोरच्याचे म्हणणे ऐकावे लागते. व्हिडिओखाली भांडण लावणारा तेही ऐकत नाही. कोण खरा, कोण जिंकला, याची त्याला फिकीर नसते. भांडण मिटू नये, एवढेच त्याला हवे असते.

याउलट आगरकर आणि टिळक यांचा वाद आठवा. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर मतभेदामुळे १८८७ मध्ये बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. शब्द कठोर होते, मैत्री दुरावली. विरोधकांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरीही बालविवाहाची चाल थांबून तो वाद मिटला असता, तर आगरकरांना आनंदच झाला असता. आता लिहायला विषय उरला नाही, म्हणून ते हळहळले नसते. हीच कसोटी आपण लावावी: हा वाद मिटला तर मला आनंद होईल की माझा तोटा होईल?

"पण माझा व्हिडिओ चांगल्या कामाचा आहे, तो पसरावा म्हणून थोडे डिवचले तर बिघडले कुठे?" असाही प्रश्न येतो. जो मनापासून उत्तर लिहितो, त्याला वाटते की आपले कोणीतरी ऐकत आहे. आपण त्याला फसवतो आणि त्याचा राग कामाला लावतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ मध्ये मांडले, ते येथे नेमके लागू पडते. शिवाय तो राग मोबाईलमध्ये राहत नाही. तो जेवणाच्या ताटापर्यंत येतो, बायकोमुलांवर निघतो. दुसऱ्याला पापाकडे ढकलणाऱ्याचा दोष प्रभू येशूनेही लहान मानलेला नाही.

व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींनो, लोकांना जरूर विचारा, पण ज्याचे उत्तर तुम्हाला खरोखर हवे आहे तेच विचारा. "केळीवर करपा आला तर तुम्ही काय करता?" या प्रश्नावरही लोक बोलतील आणि कोणाची तरी बाग वाचेल. बाकीच्यांनी एवढे लक्षात ठेवावे: डिवचणाऱ्या वाक्याखाली "तू चुकतोस" असे लिहिले, तरी त्याच्या हिशेबात एक कमेंट वाढतेच. तेथे न लिहिणे हेच खरे उत्तर.