विज्ञाननीतीची चिकित्सा आणि राजाश्रय

४ मार्च १९५८ रोजी भारत सरकारने विज्ञानविषयक धोरणाचा जो ठराव केला, त्याला स्वतंत्र भारताच्या बौद्धिक इतिहासात मानाचे स्थान आहे. फाळणीच्या जखमा पुरत्या भरून न आलेल्या, धान्यासाठी परदेशांपुढे हात पसरावा लागणाऱ्या आणि बहुसंख्य प्रजा निरक्षर असलेल्या एका दरिद्री राष्ट्राने, विज्ञानाची सर्वांगांनी जोपासना करणे हे शासनाचे कर्तव्य आहे असे जाहीरपणे मान्य करावे, ही गोष्ट सामान्य नव्हती. त्यानंतर १९८३ साली तंत्रज्ञानविषयक धोरणाचे निवेदन आले, २००३ साली विज्ञान व तंत्रज्ञान या दोहोंचे मिळून धोरण आले, २०१३ साली त्यात नवोन्मेषाची भर पडली आणि डिसेंबर २०२० मध्ये पाचव्या धोरणाचा मसुदा लोकांच्या विचारार्थ प्रसिद्ध झाला. ही पाच पत्रे ओळीने वाचणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. आधीच्या धोरणातला कोणता संकल्प सिद्धीस गेला, कोणता गेला नाही आणि तो का गेला नाही, याची साधार व निर्भीड तपासणी पुढचे धोरण लिहिण्यापूर्वी कोणी केली?

एकच उदाहरण घेऊ. दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस, म्हणजे २००७ पर्यंत, राष्ट्रीय उत्पन्नाचा निदान दोन टक्के हिस्सा विज्ञान व तंत्रज्ञान यांवर खर्च व्हावा, असे २००३ च्या धोरणात म्हटले होते. ती मुदत टळली. २०१३ च्या धोरणाने, खाजगी उद्योगांनी आपला वाटा उचलावा अशी अपेक्षा जोडून, तेच उद्दिष्ट पुन्हा सांगितले. तीही मुदत टळली. २०२०-२१ साली देशाचा संशोधनावरील एकूण खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये होता आणि राष्ट्रीय उत्पन्नाशी त्याचे प्रमाण ०.६४ टक्के, म्हणजे दोन दशकांपूर्वीच्या प्रमाणाहूनही कमी होते. उद्दिष्ट चुकले याचा खेद करणारे लेख आणि भाषणे पुष्कळ झाली. परंतु ते का चुकले, खाजगी उद्योग मागे का राहिला, कोणत्या खात्याला मिळालेला पैसा फळास आला आणि कोणत्या खात्याचा आला नाही, मुळात दोन टक्के हाच आकडा का धरावा, या प्रश्नांची सांगोपांग मीमांसा सामान्य नागरिकाच्या हाती पडत नाही. शासनाची इच्छाशक्ती दुबळी पडली हे खरे असेल. पण त्या दौर्बल्याचे निदान करण्याची विद्याच आपण पुरेशी पोसलेली नाही, हे त्याहून अधिक खरे आहे.

या विद्येचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. प्रयोगशाळेत चालणारे संशोधन निसर्गाविषयी प्रश्न विचारते. त्या संशोधनासाठी विषय कसे निवडावे, द्रव्य कसे वाटावे, मनुष्यबळ कोठून आणावे, प्रयोगशाळेतले ज्ञान कारखान्यात आणि शेतात कोणत्या वाटेने जाते व कोठे अडते, हे प्रश्न विचारणारे संशोधन वेगळे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी विज्ञानाच्या सामाजिक कार्यावरील आपल्या १९३९ च्या ग्रंथात या दुसऱ्या प्रकारच्या विचाराला चालना दिली. १९६३ साली इटलीतील फ्रास्काती या गावी युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञ जमले आणि संशोधनावरील खर्च मोजावा कसा, याची जी नियमावली तेथे मान्य झाली, तिच्या आधारावर आज जगभरचे देश आपले आकडे देतात. त्या नियमावलीचे लेखक क्रिस्तोफर फ्रीमन यांनी १९६६ साली ससेक्स विद्यापीठात विज्ञाननीतीच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था उभारली. जपानने १९८८ साली याच कामासाठी शासकीय संस्था स्थापन केली. अमेरिकेच्या अध्यक्षांचे विज्ञान सल्लागार जॉन मारबर्गर यांनी २००५ साली, आपण विज्ञानावर एवढा खर्च करतो पण त्याविषयीचे आपले निर्णय पुरेशा अभ्यासावर आधारलेले नसतात, अशी उघड तक्रार केली. आणि तिचा परिणाम म्हणून त्या देशाच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने विज्ञाननीतीच्या अभ्यासासाठी अनुदानाची स्वतंत्र योजना आखली.

आपला देश या बाबतीत आरंभी मुळीच मागे नव्हता. मेघनाद साहांसारखे शास्त्रज्ञ १९३८ सालीच राष्ट्रीय नियोजन समितीच्या विचारात सहभागी झाले होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत अब्दुर रहमान यांनी १९६० च्या दशकात संशोधनाच्या पाहणीचे व नियोजनाचे काम सुरू केले. १९७१ साली विज्ञान व तंत्रज्ञान विभाग निघाला, त्याच साली राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान समिती नेमली गेली आणि तिने पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळासाठी देशाची पहिली विज्ञान-तंत्रज्ञान योजना तयार केली. १९८० साली दिल्लीत विज्ञान, तंत्रज्ञान व विकास यांच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, १९८८ साली तंत्रज्ञानाचे पूर्वानुमान करणारी परिषद आली आणि गेल्या दशकात विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने बंगळूर, दिल्ली, चंडीगढ, लखनौ, अहमदाबाद येथील शिक्षणसंस्थांत धोरण-संशोधनाची केंद्रे व अधिछात्रवृत्ती सुरू केल्या. या सर्व उपक्रमांमागे कळकळ होती आणि त्यांतून मोलाचे काम झाले. परंतु १९७१ ची समिती पुढे दुसऱ्या सल्लागार समितीला जागा देऊन इतिहासजमा झाली आणि १९८० ची संस्था २०२१ साली दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. जी विद्या पिढ्यानुपिढ्यांच्या सातत्याने वाढावयाची, तिचा पाया दर दहा-वीस वर्षांनी नव्याने खणावा लागावा, हे तिच्या भरभराटीचे लक्षण नव्हे.

येथे एक तात्त्विक आक्षेप निघतो आणि त्याचा आदराने विचार केला पाहिजे. विज्ञानाचे नियोजन होऊच शकत नाही, शोध हा हुकमाने लागत नाही, असे प्रतिपादन मायकेल पोलान्यी यांनी बर्नाल यांच्या विचाराला उत्तर म्हणून केले होते. आपल्याकडे होमी भाभा यांनीही आराखडा करून संस्था उभारण्यापेक्षा योग्य माणसाभोवती संस्था वाढू द्यावी, असा मार्ग पत्करला आणि मुंबईत त्याचे भव्य फळ आपल्यासमोर आहे. पोलान्यींच्या म्हणण्यात सत्यांश आहे. शोधाचे नियोजन कोणालाही करता येणार नाही. परंतु द्रव्याचे वाटप टळत नाही. दरवर्षी अंदाजपत्रक मांडले जाते, अणुशक्तीला इतके, अवकाशाला इतके, शेतीला इतके, विद्यापीठांना इतके अशी विभागणी होते, आणि ती विचारपूर्वक झाली नाही तर गतवर्षीच्या आकड्यावर थोडी भर घालून किंवा ज्याचे वजन अधिक त्याला झुकते माप देऊन होते. भाभांचा मार्ग श्रेयस्कर ठरवावयाचा असला तरी, त्या मार्गाने वाढलेल्या कोणत्या संस्था संस्थापकाच्या पश्चात टिकल्या आणि कोणत्या निस्तेज झाल्या, याचा अभ्यास करूनच तो ठरवावा लागेल. नियोजनाला विरोध करणाऱ्यालाही या विद्येवाचून आपला पक्ष सिद्ध करता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गरीब देशाने उपकरणांवर व संशोधकांच्या वेतनावर खर्च करावा की त्या खर्चाचा अभ्यास करणाऱ्यांवर? हिशेब पाहिला तर या आक्षेपातील जोर उरत नाही. १ लाख २७ हजार कोटींचा सहस्रांश सुमारे सव्वाशे कोटी होतो. उरलेले नऊशे नव्व्याण्णव अंश अधिक शहाणपणाने खर्च व्हावे म्हणून एक अंश बाजूला काढणे यास उधळपट्टी म्हणता येणार नाही. सार्वजनिक खर्चाच्या फलाचे असे मोजमाप करण्याची परंपरा तर महाराष्ट्राला नवी नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी करून तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध केला. पाटबंधारे खात्याच्या वसुलीपलीकडे कालव्याने त्या प्रदेशाच्या जीवनात प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष काय घडविले, हे गावोगावच्या माहितीवरून दाखविले. कालव्याच्या बाबतीत जे करता आले, ते प्रयोगशाळेच्या बाबतीत करता येणार नाही असे मानण्यास आधार नाही.

या प्रदेशातलाच एक प्रश्न पाहू. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात निवड पद्धतीने मिळालेला रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाण त्यानंतरच्या अनेक पिढ्यांतील शेतकऱ्यांनी पेरला आणि आजही तो पेरला जातो. १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथे चार कृषी विद्यापीठे स्थापन झाली, नवे वाण निघाले, संकरित ज्वारी आली. तरीही अवर्षणप्रवण पट्ट्यातील शेतकऱ्याने या जुन्या वाणावरची निष्ठा सोडली नाही. हे का घडले? भाकरीची चव आणि कडब्याची प्रत शेतकऱ्याला दाण्याच्या उत्पन्नाइतकीच मोलाची वाटली म्हणून, की खोल-उथळ जमिनींचा भेद संशोधनात पुरेसा धरला गेला नाही म्हणून, की कोरडवाहू पिकांकडे ऊस व कापूस यांच्या तुलनेने द्रव्य व बुद्धी कमी वळली म्हणून? या प्रश्नाचे उत्तर पीकशास्त्रज्ञ एकटा देऊ शकणार नाही. अंदाजपत्रकांचे जुने दप्तर, विद्यापीठांतील नेमणुका, बीजपुरवठ्याची व्यवस्था, बाजारभाव आणि शेतकऱ्याच्या घरातला निर्णय या सर्वांचा एकत्र अभ्यास करणारा संशोधक त्यासाठी हवा, आणि त्याला चार-पाच वर्षे निश्चिंतपणे काम करता यावे इतकी तरतूद हवी. मराठवाड्याच्या आणि सोलापूर-सांगोल्याच्या शेतीचे पुढील संशोधन कोणत्या दिशेने न्यावे, हे त्या उत्तरावर अवलंबून आहे.

तथापि पैसा मंजूर झाल्याने विषय संपत नाही. खरा अवघड भाग तेथून सुरू होतो. ज्या खात्याच्या धोरणाची परीक्षा करावयाची त्याच खात्याच्या अनुदानावर परीक्षकाचा निर्वाह चालत असेल, तर त्याची लेखणी नकळत मवाळ होते. त्यात व्यक्तीच्या चारित्र्याला दोष देण्याचे कारण नाही. पुढील वर्षाचे अनुदान ज्याच्या सहीने यावयाचे त्याला अप्रिय सत्य सांगण्याचा प्रसंग वर्षानुवर्षे यावा, हीच मुळी अन्यायाची मांडणी आहे. अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १९७२ साली तेथील काँग्रेसने कायदा करून तंत्रज्ञानाच्या परिणामांचा अभ्यास करणारे स्वतःचे कार्यालय स्थापन केले. शासनाच्या खात्यांपासून अलिप्त राहून त्याने तेवीस वर्षांत सुमारे साडेसातशे अहवाल दिले आणि अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. तरीही १९९५ साली काँग्रेसने त्याची तरतूद थांबविली आणि ते बंद पडले. कायदा रद्द करण्याची गरजही पडली नाही. वार्षिक खर्च सुमारे दोन कोटी डॉलरच्या घरात असलेली एक संस्था अब्जावधी डॉलरच्या निर्णयांना प्रकाश पुरवीत होती. काटकसरीच्या एका लाटेत ती गेली आणि तिची उणीव अमेरिकेतील विचारवंत अद्यापि बोलून दाखवितात.

यावरून काढावयाचा निष्कर्ष असा की, राजाश्रय हवा, पण तो दरवर्षीच्या मर्जीवर टांगलेला नको. आपल्याकडे याचा एक नमुना आहे. १९६९ साली भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. शासनाचा पैसा आणि अभ्यासकाचे स्वातंत्र्य यांच्यामध्ये विद्वानांचे मंडळ असावे, ही दृष्टी तिच्या रचनेमागे होती. विज्ञाननीतीच्या संशोधनासाठी याच तत्त्वावर, परंतु अधिक भक्कम पायावर, व्यवस्था उभी करता येईल. केंद्राच्या प्रत्येक वैज्ञानिक खात्याच्या तरतुदीतून ठराविक अंश कायद्याने वेगळा काढावा आणि तो खात्यांच्या अधिकाराबाहेरील स्वायत्त मंडळाकडे सोपवावा. त्या मंडळाने दिलेल्या अनुदानाची मुदत पाच वर्षांहून कमी नसावी. निष्कर्ष कोणाला प्रिय असो वा अप्रिय, प्रत्येक अहवाल ठराविक मुदतीत प्रसिद्ध व्हावा आणि संसदेच्या पटलावर ठेवला जावा. खात्यांनी आपले जुने दप्तर, मंजुऱ्यांचे निकष आणि पूर्ण झालेल्या प्रकल्पांचे हिशेब अभ्यासकांस खुले करावेत. कारण माहिती हाती नसेल तर अनुदान मिळूनही अभ्यासक निरुपाय होतो. देशाच्या संशोधनखर्चाचे अधिकृत आकडे आज दोन-तीन वर्षे उशिरा हाती येतात. ते वेळेवर येतील अशी तजवीज झाली पाहिजे.

२०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाद्वारे पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये संशोधनाकडे वळविण्याचा संकल्प आहे आणि त्यातील मोठा भाग शासनाबाहेरून येईल अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा कितपत पुरी होते आणि कोणत्या अडचणी आड येतात, याचा स्वतंत्र अभ्यास पहिल्या दिवसापासून सुरू झाला पाहिजे. पाच वर्षे लोटल्यावर कारणे शोधू लागलो तर २००३ आणि २०१३ ची पुनरावृत्ती होईल. राज्याच्या पातळीवरही हेच कर्तव्य आहे. महाराष्ट्राचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग २००४ पासून कार्यरत आहे. पाणी, कोरडवाहू शेती आणि लघुउद्योग यांसंबंधीच्या संशोधनावर राज्य काय खर्च करते व त्यातून काय निष्पन्न होते, याची तपासणी करणारा स्वतंत्र निधी त्याच्या जोडीला उभा राहावा आणि त्या तपासणीचे निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध व्हावेत, जेणेकरून ज्याच्या करातून हा खर्च होतो त्यास ते वाचता येतील.

विज्ञानाला द्रव्य द्या, ही मागणी शास्त्रज्ञ करीत आले आहेत आणि ती रास्त आहे. त्या द्रव्याचे काय झाले हे निर्भीडपणे सांगणाऱ्या विद्येलाही स्थिर, पुरेसे आणि निरपेक्ष साहाय्य द्या, ही मागणी मात्र नागरिकांनीच केली पाहिजे. कारण ती करण्यात कोणत्याही खात्याचे हित नाही आणि सर्व प्रजेचे हित आहे. विज्ञानाचे पुढील राष्ट्रीय धोरण जेव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा त्यातील नवीन उद्दिष्टे वाचण्यापूर्वी सुजाण वाचकाने आपल्या लोकप्रतिनिधीस एवढे अवश्य विचारावे, की मागील धोरणाची तपासणी कोणी केली, तिचा खर्च कोणी दिला आणि तिचा अहवाल कोठे वाचावयास मिळेल.