कोंबाची शिदोरी

1972 चा दुष्काळ. अकोले तालुक्यात डोंगराच्या कडेला एक वाडी होती. तिथल्या एका घरात म्हातारी, तिची सून आणि सात वर्षांचा नातू. सून दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. खायला मिलो ज्वारीची भाकरी, तीही मोजून. कोपऱ्यातल्या गाडग्यात मात्र राख चोळलेले वाल होते. तोंड शेणामातीनं लिंपलेलं.

एका संध्याकाळी सुनेला राहवलं नाही. "आत्या, पोरगं उपाशी निजतंय. ते वाल तरी शिजवू."

म्हातारीनं लिंपण काढलं, निम्मे वाल सुनेच्या पदरात घातले. नंतर तीन दाणे वाटीत भिजत टाकले आणि गाडगं पुन्हा लिंपलं.

सकाळी तिनं एका फुगलेल्या दाण्याचं साल सोलून तो नखानं उलगडला. दोन दळं वेगळी झाली. एकाच्या कडेला कणीएवढा कोंब चिकटलेला होता.

"आता हा उगवंल का गं आजी?"

"अवघड हाय बाळा. फोडला की त्याची डाळ झाली."

उरलेले दोन तिनं फुटक्या माठात पुरले. आठवड्याभरात मातीतून जाड दळं वर आली, मधून हिरवी पानं फुटली. पुढं दळं सुरकुतली, पिवळी पडली, गळाली.

"आजी, ही मेली!"

"त्यांच्याजवळ व्हतं ते त्यांनी देऊन टाकलं. कोंबाला सोताचं कमावता येईस्तोवर पुरंल एवढी शिदोरी असती त्या दळांत. ती कोंबाची. आपण त्याच्याकडून मागून खातो. सगळी मागू नये."

पुढच्या पावसाळ्यात गाडग्यातल्या वालांचा वेल छपरावर चढला. तूर, मूग, हरभरा, वाल ही सगळी द्विदलंच. आपलं वरण-उसळ या शिदोरीवरच चालतं.

याच अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण वाल-घेवड्याचे कितीतरी गावरान वाण त्यांनी घरात जपले, बायाबायांत वाटले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला या मानापेक्षा त्यांची राख चोळलेली बियाणी मोठी वाटतात. संकरित बियाण्याचं पाकीट दरसाल विकत आणावं लागतं. गावरान बी घरचंच पुन्हा पेरता येतं.

तुमच्या परसात वालाचा वेल असेल, तर यंदा भरदार शेंगा वेलावरच वाळू द्या, त्यांचं बी राखेत घालून ठेवा. भाजीला उरलेल्या तोडा.